काचेतल्या बाळाशी बोलायचं कसं

"आधी वजन वाढू दे, मग बघू." कमी दिवसांचं बाळ काचेच्या पेटीत (इन्क्युबेटरमध्ये) ठेवलं की घरातल्या वडीलधाऱ्यांचं हे वाक्य ठरलेलं असतं. वजन वाढायला हवंच, त्यात वाद नाही. पण माणसांशी ओळख करून घ्यायचं काम बाळ तोवर थांबवून ठेवत नाही. पोटात असतानाच सगळ्यांत आधी स्पर्श कळायला लागतो, मग वास आणि चव. साधारण पंचविसाव्या आठवड्याच्या आसपास आवाज ऐकू यायला लागतो. डोळे सगळ्यांत शेवटी तयार होतात. म्हणजे २८ आठवड्यांच्या (आठवडे गर्भारपणापासून मोजायचे) बाळाला आईचा हात, वास आणि आवाज कळतो, चेहरा मात्र अजून नाही. इंद्रियं ज्या क्रमानं जागी होतात त्याच क्रमानं आई-वडिलांनी पुढे जायचं. पेटीसमोर रंगीत खुळखुळा हलवून सुरुवात केली तर बाळ दमतं, मॉनिटर वाजतो आणि सिस्टर म्हणतात, "हात लावू नका." चुकलेला असतो तो क्रम, हात लावण्यात चूक नसते.

आत शिरण्याआधी

सरकारी रुग्णालयातल्या विशेष नवजात काळजी कक्षात (सगळे एसएनसीयू म्हणतात) आई-वडिलांना आत घेण्याची सोय कागदावर आहे. केंद्र सरकारनं २०१७ मध्ये 'फॅमिली पार्टिसिपेटरी केअर'ची (एफपीसी, म्हणजे बाळाच्या काळजीत कुटुंबाचा सहभाग) मार्गदर्शक तत्त्वं काढली. दिल्लीच्या राम मनोहर लोहिया रुग्णालयात आधी ते करून पाहिलेलं होतं. त्यात आई-वडिलांना चार सत्रांत शिकवायचं असतं: आत येण्याचे नियम आणि हात धुणं, बाळाला त्रास न देता हाताळणं नि पाजणं, कांगारू पद्धत (बाळाला उघड्या छातीशी धरून ठेवणं), आणि घरी जायची तयारी. म्हणून पहिल्याच दिवशी सरळ विचारा, "आमचं एफपीसीचं सत्र कधी आहे?" खासगी रुग्णालयात नियम ज्याचे त्याचे. तिथं "भेटायची वेळ कोणती?" असं विचारलं की उत्तर मिळतं पाच मिनिटांचं. "दूध द्यायच्या आणि लंगोट बदलायच्या वेळी आम्ही येऊन ते काम शिकू का?" असं विचारलं की बहुधा जास्त मिळतं. बाळ त्या वेळी तसंही जागं केलं जातं, त्यामुळे त्याची झोप वेगळी मोडत नाही.

आत जाणारी माणसं दोन किंवा तीनच ठेवा आणि ती बदलू नका. आई, वडील, फार तर एक आजी. सर्दी, खोकला, ताप, हातावर फोड किंवा जखम असेल त्यानं बाहेर थांबायचं. अंगठ्या, घड्याळ, बांगड्या, मनगटावरचे दोरे-गंडे काढायचे. दोरा ओला राहतो आणि त्यात जंतू राहतात; हा श्रद्धेचा प्रश्न नाही, दोरा घरी देवापाशी ठेवता येतो. नखं कापलेली हवीत, बाह्या कोपराच्या वर. आत शिरताना साबणानं कोपरापर्यंत २ मिनिटं हात धुवायचे: तळवे, हाताची मागची बाजू, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखं, मनगट. त्यानंतर बाळाला प्रत्येक वेळी हात लावण्याआधी २० ते ३० सेकंद सॅनिटायझर. यातली नेहमीची चूक म्हणजे हात धुऊन झाल्यावर खिशातला मोबाइल काढणं. मग ती दोन मिनिटं पाण्यात गेली.

बाळ काय सांगतंय

बाळाला काही झालं तर ते रडेल, हा समज आधी सोडायचा. कमी दिवसांच्या बाळाच्या अंगात धड रडायचं बळ नसतं. ते बोलतं रंगानं, श्वासानं, हाताच्या बोटांनी.

दमल्याच्या खुणा अशा: कातडीवर जाळीसारखे डाग उमटतात, ओठांभोवती फिकट किंवा निळसर पडतं, श्वास अडखळतो, उचकी, शिंक किंवा जांभई येते. हाताची बोटं पंख्यासारखी फाकतात. कधी अख्खा हात समोर ताठ होतो, 'थांबा' म्हणावं तसा. पाठीची कमान होते, पाय ताणले जातात. नजर बाजूला वळते, किंवा डोळे विस्फारून एकाच जागी खिळतात. हे शेवटचं आई-वडिलांना हमखास फसवतं. "बघ, कसं टक लावून बघतंय" म्हणून ते आणखी जवळ जातात आणि बाळाला मात्र नजर सोडवता येत नसते.

तयार असल्याच्या खुणा वेगळ्या. कपाळ सैल पडतं, श्वास एकसारखा चालतो, हात तोंडाशी जातो, तुमचं बोट पकडलं जातं, पाय दुपट्याच्या कडेला टेकतात, डोळ्यांत पाणीदार चमक येते, ओठांचा 'ऊ' होतो. यातलं काहीही अर्ध्या मिनिटात संपू शकतं.

एक उचकी आली म्हणून घाबरायचं कारण नाही. दोन-तीन खुणा पाठोपाठ आल्या की थांबायचं. निळं पडलं, श्वास थांबला किंवा मॉनिटरवर ऑक्सिजन ९० च्या खाली जाऊन लगेच वर आला नाही, तर मात्र खुणा वाचत बसायचं नाही, सिस्टरला हाक मारायची.

लंगोट बदलताना

हे सगळं एका साध्या कामात कसं उतरतं ते बघा. ३२-३३ आठवड्यांचं बाळ आहे, लंगोट बदलायचाय. पेटीची खिडकी दोन्ही हातांनी, आवाज न करता उघडा. आधी आवाज: "बाळा, मी आलेय." हळू, एकदाच. थांबा. मग हात. ते आधी एकमेकांवर चोळून गरम केलेले हवेत. गार हात लागला की बाळ दचकतं. एक तळहात डोक्यावर टोपीसारखा, दुसरा दुमडलेल्या पायांवर. दाबायचं नाही, फिरवायचं नाही, फक्त ठेवायचा. बाळाचे दहा श्वास मोजा.

आता लंगोट. दोन्ही पाय धरून कंबर वर उचलायची आपली जुनी सवय इथं नको. तशानं डोक्याकडे रक्ताचा जोर अचानक वाढतो. बाळाला हळूच कुशीवर वळवून खालचा लंगोट सरकवा. मध्येच बोटं फाकली? हात काढून घेऊ नका, हालचाल थांबवा. त्याचे दोन्ही हात छातीशी दुमडून धरा आणि बोटं मिटेपर्यंत थांबा. कधी तीस सेकंद लागतात, कधी दोन मिनिटं. मग पुढचं. काम झालं तरी लगेच निघायचं नाही. पुन्हा डोकं आणि पाय धरून ते सैल पडेपर्यंत राहायचं, मग आधी पायांवरचा हात उचलायचा आणि थोड्या वेळानं डोक्यावरचा. दोन्ही एकदम काढले की बाळ पडल्यासारखं दचकतं.

एवढ्या वेळात बाळाला एक गोष्ट कळते: आपण खूण केली की समोरचं माणूस थांबतं. पुढे बोलताना 'एकदा तू, एकदा मी' असं जे चालतं, त्याचा पहिला धडा हा.

पाठीवरून हलका हात फिरवणं, थोपटणं, गालाला बोट लावणं हे सगळं प्रेमापोटीच होतं, पण ३२ आठवड्यांखालच्या बाळाला ते गुदगुल्या किंवा ओरखड्यासारखं लागतं. आजींना हे पटवणं अवघड जातं, कारण त्यांनी आयुष्यभर नातवंडं थोपटून झोपवलेली असतात. त्यांना एकदा मॉनिटरसमोर उभं करा. स्थिर हातानं आकडा कसा शांत राहतो आणि थोपटल्यावर कसा हलतो ते बघितलं की वेगळं सांगावं लागत नाही.

टाचेतून रक्त घ्यायचं असेल तेव्हा "आम्ही धरून ठेवू का?" असं विचारा. हातपाय दुमडून तळहातांत धरलेलं बाळ सुईनंतर लवकर शांत होतं. दुखताना धरणारे हात आणि नुसतं टोचणारे हात यांतला फरक त्याला कळू लागतो.

आवाज आणि वास

पेटीतला आवाज ४५ डेसिबलच्या वर जाऊ नये, अशी शिफारस आहे. आपलं साधं बोलणं ६०च्या घरात असतं. म्हणून बोलायचं ते शेजारी झोपलेल्याला जाग येणार नाही इतक्या हळू, खिडकीजवळ तोंड नेऊन. पेटीवर फाइल, बाटली, पर्स ठेवू नका. वर टेकवलेली वस्तू आत दणक्यासारखी ऐकू येते. काचेवर टिचकी मारून बाळाला 'उठवणं' तर नकोच. मोबाइलवर मंत्र किंवा गाणी लावून फोन आत ठेवण्याची पद्धत पडली आहे, तीही बंद करा. आत आवाज घुमतो, आणि फोन बाळाची खूण बघून थांबत नाही. तुम्ही थांबता.

काय बोलायचं हा प्रश्न वडिलांना जास्त पडतो. नाव घ्या, किंवा नाव ठेवलं नसेल तर घरात जे लाडाचं म्हणता ते. आज बाहेर पाऊस आहे, ताई तुझी वाट बघतेय, असं काहीही. घरात मालवणी बोलत असाल तर मालवणीत, अहिराणी असेल तर अहिराणीत. एक वाक्य बोला आणि मनात दहापर्यंत मोजा. या मोजण्यात सगळं आहे, कारण बाळाचं उत्तर येतं सातव्या-आठव्या आकड्यावर, आणि आपण तिसऱ्यालाच पुढचं वाक्य सुरू करतो. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये झालेल्या, २०११ मध्ये छापून आलेल्या अभ्यासात ३२ आठवड्यांची बाळंही बारीक आवाज काढताना नोंदवली गेली, आणि इतर मोठ्या माणसांच्या बोलण्यापेक्षा आई-वडिलांच्या बोलण्याशी त्या आवाजांचा संबंध जास्त दिसला. अंगाई म्हणत असाल तर रोज तीच म्हणा, रोज त्याच कामाच्या वेळी. विविधतेची गरज आपल्याला असते.

वासासाठी तळहाताएवढे सुती कापडाचे दोन-तीन तुकडे घ्या, साध्या साबणानं धुऊन, उन्हात वाळवून, इस्त्री करून. एक तुकडा आईनं ब्लाउजच्या आत काही तास ठेवायचा आणि सिस्टरच्या परवानगीनं बाळाच्या गालाजवळ, पण नाका-तोंडावर येणार नाही असा ठेवायचा. रोज बदलायचा. आईनं अत्तर, पावडर, गजरा, बाम यातलं काही लावलेलं नसावं. नळीनं दूध चालू असताना हा तुकडा जवळ असला किंवा बाळ छातीशी असलं की पोट भरण्याशी आईचा वास जोडला जातो.

दूध काढणं हाही याच कामाचा भाग. दिवसरात्र मिळून ८ ते १० वेळा, त्यात रात्री एकदा तरी. सुरुवातीला चीक चमचाभरच निघतो. तो फेकायचा नाही, थेंब-थेंब असला तरी बाळाकडे पोचवायचा. पुढे बाळ वाटी-चमच्यानं किंवा बोंडल्यानं पिऊ लागलं की ते आई किंवा वडिलांनी पाजायचं, घोट गिळून झाल्यावरच पुढचा. घाईनं ओतलं तर ठसका लागतोच, शिवाय पाजणं म्हणजे काहीतरी अंगावर येणं, असं बाळ शिकतं. दूध येतच नसेल तर दूधपेढीची चौकशी करा. मुंबईत सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ मध्ये आशियातली पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली. आता अशा पेढ्या राज्यात इतरत्रही आहेत.

छातीशी

कांगारू पद्धत कोलंबियातल्या बोगोटा शहरात १९७८च्या सुमाराला डॉ. एडगर रे यांनी सुरू केली, तीही पेट्या कमी पडत होत्या म्हणून. आता जागतिक आरोग्य संघटनेची २०२२ची शिफारस अशी की कमी दिवसांच्या आणि कमी वजनाच्या प्रत्येक बाळाला ती द्यावी, रोज ८ ते २४ तास. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय ज्यात होतं त्या पाच देशांतल्या अभ्यासात (२०२१) १ ते १.८ किलोच्या बाळांना, प्रकृती स्थिर व्हायची वाट न बघता, जन्मानंतर लगेच छातीशी दिलं गेलं. त्या गटात मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. त्यामुळे "अजून लहान आहे" हे उत्तर मिळालं तर "नेमकं कशासाठी थांबायचं आणि कधीपर्यंत?" हे डॉक्टरांना नम्रपणे विचारायला हरकत नाही. काही वेळा खरंच कारण असतं.

करायचं असं. आईनं जेवून, पाणी पिऊन, लघवीला जाऊन यायचं, कारण मग तासभर उठायचं नाही. समोरून उघडणारा गाऊन किंवा ब्लाउज, आत काही नाही. मंगळसूत्राचे मणी बाळाच्या गालाला रुततात, ते काढायचं किंवा मागे टाकायचं. पाठ टेकायला मागे कललेली खुर्ची किंवा उशांची रास. बाळाला टोपी, मोजे आणि लंगोट, बाकी उघडं. सिस्टर नळ्या सांभाळत बाळ उभं, दोन स्तनांच्या मध्ये ठेवतील. डोकं एका कुशीला आणि हनुवटी किंचित वर. पाय बेडकासारखे दुमडलेले. पोट आईच्या पोटाच्या वरच्या भागावर. मग कापडानं बांधायचं, वरची कड बाळाच्या कानाखाली.

बिघडतं ते बहुतेक वेळा मानेपाशी. मान छातीवर पडली की श्वासनळी मिटते, मागे फार गेली तरी तेच. दर थोड्या वेळानं हनुवटी बघायची. दुसरी चूक वेळेची: पंधरा-वीस मिनिटांत बाळ परत ठेवलं जातं. उचलण्या-ठेवण्याचाच बाळाला ताण होतो, त्यातून सावरेपर्यंत ते परत पेटीत गेलेलं असतं. म्हणून एका वेळी किमान १ तास. तिसरी, आडवं सपाट झोपून डुलकी घेणं, बाळ घसरतं. पाठ उंचावलेली आणि बाळ बांधलेलं हवं, आणि शेजारी कुणी जागं असावं. चौथी चूक म्हणजे रील बघणं. छातीवरचं बाळ डोळे उघडून वर बघतं तो क्षण मिनिटभराचाही नसतो.

वडिलांच्या छातीवर केस असले तरी चालतं. आईचं सिझर झालं असेल, तिचा बीपी वाढलेला असेल, तर पहिली पाळी वडिलांची. सव्वा महिना बाळंतिणीनं बाहेर पडायचं नाही असं घरी म्हणत असतील, तर आजींनाच एका सत्राला घेऊन या आणि एक तास त्यांच्या छातीशी बाळ द्या.

पुढच्या स्वभावावर याचा परिणाम होतो का? बोगोटातल्या एका अभ्यासातल्या मुलांना वीस वर्षांनी पाहिलं तेव्हा कांगारू गटात आक्रमकपणा आणि अतिचंचलपणा कमी आढळला. ही हमी नव्हे. बाळ आजारी असल्यामुळे ज्यांना जमलंच नाही त्यांनी याचा घोर लावून घेऊ नये.

चेहऱ्याची वेळ

३४ आठवडे ओलांडले की जागेपणीचे शांत क्षण दिसू लागतात: अंग हलत नाही, डोळे उघडे, नजर जिवंत. बहुधा दूध घेण्याच्या थोडं आधी. उजेड कमी करा, डोक्यावरचा दिवा वळवा. झगझगीत उजेडात बाळ डोळे उघडतच नाही. चेहरा २० ते २५ सेंटिमीटरवर, त्याच्या डोळ्यांसमोर सरळ. आता एकच गोष्ट: नुसता चेहरा, किंवा नुसता आवाज. बघताना झुलवायचं नाही, गाताना थोपटायचं नाही. हळूच जीभ बाहेर काढा किंवा तोंडाचा 'ओ' करा आणि वाट बघा. बाळानं नजर वळवली तर त्याच्या मागे मागे चेहरा नेऊ नका. ते विश्रांती घेतंय. तिथंच थांबा, बरेचदा ते परत येतं. मास्क असेल तर फक्त डोळे आणि आवाज मिळतात, तेही पुरतात.

डोळ्यांचा पडदा तपासायची तारीख याच काळात येते: जन्मानंतर ३० दिवसांच्या आत, आणि बाळ २८ आठवड्यांच्या आधी जन्मलं किंवा १२०० ग्रॅमच्या खाली असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. डिस्चार्ज मिळाला म्हणून ही तारीख चुकवू नका, चुकली तर नजर जाऊ शकते. बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यावर काही तास उजेड सहन होत नाही. त्या दिवशी चेहऱ्याचे खेळ नकोत, नुसतं छातीशी घ्या. कानांसाठी बेरा तपासणीचा (आवाज मेंदूपर्यंत पोचतो का ते बघणारी) आग्रह धरा. अतिदक्षता कक्षात राहिलेल्या बाळांत नुसती ओएई (फक्त आतला कान तपासणारी चाचणी) पुरत नाही, कारण कानापासून मेंदूकडे जाणाऱ्या नसेतला दोष तिच्यात निसटतो.

आईला काहीच वाटत नसेल तर

बाळ बघून माया दाटून आली नाही, उलट भीती वाटली किंवा रिकामं वाटलं, असं अनेक आया कुणाला न सांगता सोसतात. काम करता करता माया येते. आधी दूध पाजा, लंगोट बदला. पण रडू, झोप उडणं, 'माझ्यामुळेच झालं' हा विचार दोन आठवड्यांहून जास्त टिकला तर डॉक्टरांना सांगा किंवा १४४१६ या टेली-मानस (सरकारची मानसिक आरोग्य हेल्पलाइन) क्रमांकावर बोला. उदास आईचा आवाज सपाट होतो आणि चेहरा हलत नाही, तेव्हा बाळही हळूहळू बोलावणं सोडतं. त्या काळात वडिलांनी किंवा मावशीनं बाळाशी बोलण्याचा वाटा उचलायचा.

घरी आल्यावर

वय मोजायचं ते दुरुस्त करून. ३२ आठवड्यांना जन्मलेलं बाळ ८ आठवडे आधी आलं, म्हणजे आज ते ४ महिन्यांचं असेल तर बोलण्या-हसण्याच्या हिशेबात २ महिन्यांचं. हा हिशेब दोन वर्षांपर्यंत ठेवा. लस मात्र जन्मतारखेप्रमाणेच, तिथं वजाबाकी नाही.

ओळखीचं, उत्तरादाखल हसू दुरुस्त वयाच्या ६ ते ८ आठवड्यांत येतं. कमी दिवसांची बाळं नजर लवकर वळवतात, हसतात कमी, किरकिरतात जास्त. मग घरातले चौघं मिळून टाळ्या, खुळखुळे, "हस की रे" करत वरताण करतात आणि बाळ आणखी मिटतं. बारशाला पन्नास माणसांच्या हातांतून बाळ फिरवलं की रात्रभर रडतं ते दृष्ट लागल्यामुळे नव्हे, दमल्यामुळे. पाळण्यात ठेवा, लोकांना लांबून बघू द्या. काजळ नको, बाळंतिणीच्या खोलीत धुरी नको. या फुप्फुसांना धूर झेपत नाही.

दुरुस्त वयाचे ३ महिने पूर्ण होऊनही बाळ हसत नसेल, चेहऱ्यामागे नजर फिरवत नसेल, किंवा मोठ्या आवाजाला दचकत नसेल, तर पुढच्या लसीची वाट बघू नका. जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात (डीईआयसी) न्या. तपासणी आणि थेरपी तिथं एकाच छताखाली मिळते. १८ आणि २४ महिन्यांना स्वमग्नतेसाठीची एम-चॅट प्रश्नावली भरून घ्या, तीही दुरुस्त वयानं. कमी दिवसांच्या मुलांत ती पुष्कळदा विनाकारण 'पॉझिटिव्ह' येते, म्हणून त्यावर लगेच शिक्का न मारता विकासतज्ज्ञाकडून पूर्ण तपासणी करून घ्यायची. जाताना डिस्चार्ज कार्ड, डोळ्यांचा आणि बेराचा रिपोर्ट एका फाइलीत, आणि बाळ नजर देतं त्या वेळचा मिनिटभराचा व्हिडिओ फोनमध्ये ठेवा. ओपीडीतल्या गोंगाटात ते बाळ डोळे उघडेलच असं नाही.